मिसरीची डबी

आये,

तू ऊस तोडायला गेलीस आन् तुजी मिसरीची डबी घरीच ऱ्हायली. तुजा वास येतो म्हणून दातांला लावली. मग सवयच लागली. पुढं पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगलं. आता पाय एका जागी ठरत न्हाईत.

शाळेत कराटे शिकवतात. ठोसा मारताना ओरडायचं असतं, माजा आवाज मधीच तुटला. बाईंला माज्या रुमालाचा वास आला. त्यांनी मागं थांबवून इचारलं, "कधीपासून गं?" मी लई रडले. तवापासून रोज पहिल्या रांगेत उभी करतात.

आज आवाज पुरा निघाला.

हे पत्र धाडत न्हाई. तुला मुकादमच वाचून दाखवील. आल्यावर डबी मागू नको. आडात टाकलीय. पण आड कोरडा हाय, डबी वरून दिसती. रोज वाकून बघते.

तुजीच,
चंद्रभागा