तेराशे डॉलरांचा आवाज

३ मार्च २०१९, रविवार

क्लबची मॅनेजर आज म्हणते, "रसेल, पुढची तीन टेबलं उठून मागं जातात. तुझा तो डबा कानात घुसतो." डबा! बावीस वर्षं दर रविवारी दुपारी त्याच अँपवर तिथं गिटार वाजवतोय मी. लोक उठतात ते क्लबच्या सोडतीची तिकिटं घ्यायला, बक्षीस मटणाचं असतं, हे हिला कोण सांगणार?

वॉरन मान खाली घालून ड्रम आवरत होता. रेलीन मात्र म्हणाली, "ट्रेबलची ती धार कमी कर, नाहीतर नवीन अँप घे." हिनं बोलावं! वर्षभर गाताना हिचा सूर घसरतोय आणि दोष माझ्या अँपला. नाचता येईना अंगण वाकडं.

मॅनेजरनं महिना दिलाय. आवाज सुधारा, नाहीतर रविवार दुसऱ्या बँडला.

५ मार्च

वोलोंगाँगला वाद्यांच्या दुकानात गेलो. दोन हजारांच्या आतले चार अँप वाजवले. हिरवा— जाळीमागे काचेचे दोन व्हॉल्व्ह मिणमिणतात, आवाजाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. दिव्यांचे पैसे घेतात. काळा— चाळीस आवाज, त्यातला एकही स्वतःचा नाही. निळा एकटा असताना गोड, ड्रमबरोबर नुसता चिखल होईल. तपकिरी, तेराशेचा, त्यातल्या त्यात बरा. तार हळू छेडली की स्वच्छ, जोरात छेडली की हवा तेवढाच फाटतो. पण चारही कसे चादर पांघरल्यासारखे! तपकिरीचं ट्रेबलचं बटण दहापैकी आठवर नेलं तेव्हा कुठं जीव आला.

दुकानातली सालोटे समोर बुटक्या स्टुलावर बसली होती. टोंगा बेटांकडली पोरगी, चर्चमध्ये गिटार वाजवते. तिनं चक्क कानांत बोटं घातली.

"काका, तुम्ही बाजूला उभे आहात. तिखट आवाज स्पीकरच्या सरळ समोर जातो, टॉर्चच्या झोतासारखा. इथं बसून ऐका."

"तू जन्मायच्या आधीपासून मी असाच उभा राहतो."

"म्हणूनच सांगते."

आगाऊ कार्टी. बसलो नाही. तपकिरी घेऊन आलो.

१० मार्च, रविवार

सत्यानाश.

स्टेज अरुंद, म्हणून अँप नेहमीसारखा डाव्या कडेला, दुधाच्या दोन क्रेटवर, थोडा मागं कलता, तोंड आडवं रेलीनकडे, तिच्यापलीकडे पुढची टेबलं. मी अँपच्या बाजूला उभा. ट्रेबल आठ. तिसऱ्या गाण्यात रेलीननं भलताच सूर पकडला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. लोक हसले. टाळ्या पडल्या त्या फक्त सोडतीला.

गाड्यांपाशी तिला गाठलं. म्हटलं, तुझा गळा गेलाय, वय झालंय, कबूल कर आणि घरी बस. ती म्हणाली, "रसेल, मला माझाच आवाज ऐकू येत नाही रे." बहाणे! वॉरनला सांगितलं, बँडमध्ये ती तरी राहील, नाहीतर मी. तो म्हणाला, "मग मीच जातो," आणि गाडी काढून गेलासुद्धा.

११ मार्च

कुणाचा फोन नाही. नको तर नको.

१३ मार्च

अँप परत करायला गेलो. भांडायच्या तयारीनंच. म्हटलं, तेराशे डॉलर पाण्यात. सालोटेनं माझीच गिटार जोडली, बटणं माझ्याच आकड्यांवर ठेवली आणि म्हणाली, "एकदाच बसा, काका."

बसलो. दाढेत सुई गेल्यासारखं झालं. चार ठोकेसुद्धा ऐकवेनात, उठलो.

"काहीतरी फिरवलंस तू."

"तुमचाच आठ आहे. बघा."

तिच्यावर ओरडलो. दुकानातली माणसं बघत राहिली. तिनं ट्रेबल तीनवर आणला आणि पुन्हा वाजवायला लागली, जणू मी तिथं नव्हतोच. सुरेख आवाज. भरीव, स्वच्छ, तेराशेला स्वस्तच. चारही अँप मी चुकीच्या जागेवरून तोलले होते. जुनासुद्धा. जुना तर बावीस वर्षं. भयंकर राग आला, आणि या वेळी काढायला माझ्याखेरीज कुणीच नव्हतं.

अँप परत केला नाही.

१५ मार्च

वॉरनला फोन केला. अँप खाली ठेवणार, तोंड भिंतीकडे, ट्रेबल तीन. "ठीक," म्हणाला. मग म्हणाला, "रेलीनकडे स्वतः जा. फोन नको."

१६ मार्च

गेलो. चहा केला तिनं. मी माफी मागत होतो, तर तिनं खुर्ची फिरवून उजवा कान माझ्याकडे केला. डावा गेलाय. परत येणार नाही. डिसेंबरपासून माहीत आहे तिला.

डॉक्टरनं विचारलं होतं, गाताना डाव्या बाजूला काय असतं?

"काय सांगितलंस?"

"रसेल असतो म्हटलं."