पायांची खिडकी

४ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तळघर उपसून झालं. घर उतारावर, त्यामुळे मागचं दार सरळ अंगणात उघडतं. आईला एकही पायरी चढायला नको. पुढची बाजू जमिनीत. तिथे छताशी एकच खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. आईला सांग, जन्मभर लोकांच्या चपला शिवल्यास, आता पडल्या पडल्या गिऱ्हाइकं ओळखत बस.

भिंतींना ओल आहे. सिमेंट फासलं तर ती आतच कोंडेल आणि आईच्या छातीत जाईल. म्हणून पाडलेल्या घराच्या जुन्या विटा आणि चुन्याचा गिलावा. तो वाळतो सावकाश, एवढंच.

लोभ आहेच; आईच्या वाट्याचा थोडा मलाही ठेव.

तुझा,
धाकटा

२९ सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

अरे, एक खुंटी ठोकायला तुला अख्खा दिवस लागतो हे मला काय नवीन आहे? पण मी कामावर गेले की आई या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर एकटी. तुझं पत्र उशाखाली ठेवते आणि शेजारीण आली की खिडकीचं कौतुक सांगते. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर थंडीआधी न्या, मग तिला हलवता यायचं नाही. आता घाई कर बाबा.

रागावले तरी माया उणी नाही.

तुझी,
ताई

१८ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धीर धरवला नाही. चुन्याला घाई सोसत नाही हे माहीत असून खिडकी लावून घेतली आणि आत शेगडी पेटवून ठेवली. भिंत वरून वाळली खरी, पण हात लावला तर पीठ. सगळं खरवडून पुन्हा लावतोय. आईला हे सांगू नकोस. गादी आणली म्हणून सांग, ते खोटं नाही.

चुकलो तरी तुझाच,
धाकटा

२३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू आलास, आईचं दिवसकार्य आटोपून गेलास, आपण धड बोललोही नाही. शेवटी शेवटी तिला वाटायचं, आपण तुझ्याकडेच आहोत. डोळे मिटून विचारायची, कोण गेलं गं? मी थापा मारायचे, पोस्टमन गेला, शाळेची पोरं गेली. ती म्हणायची, पोस्टमनची टाच उसवलीय, बोलाव त्याला. अगदी खूश असायची.

घाई लावणारी मीच. हे काही केल्या मनातून जात नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई

११ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गिलावा वाळला. भिंत कोरडी ठणठणीत, कुठे पोपडा नाही. शेगडी मी पेटवली, तू नाहीस. हे डोक्यातून काढून टाक.

कामावरून आलो की आईच्या गादीवर पडून राहतो. इतके पाय जातात, मला एकही ओळखता येत नाही. पण तुझी डावी टाच आतून झिजते, असं आई नेहमी म्हणायची. तू ये ताई. कळवू नकोस, नुसती रस्त्यावरून चालत ये. तेवढे पाय मी ओळखीन.

वाट पाहणारा,
धाकटा