डाग एक की दोन

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय सत्तरीपलीकडे, अविवाहित, आज सकाळी पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. ‘मन स्थिर आहे’ असेही लिहायचे असते म्हणे. ते लिहिणार नाही, कारण खोटे होईल. आज सूर्यावर, मध्यरेषेपासून चांगलाच दूर, वरच्या अंगाला नवा डाग उगवला आहे आणि आनंदाने मला एका जागी बसवत नाही!

यात एवढे काय, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी लिहिते. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात. जुन्या फेऱ्याचे शेवटचे डाग मध्यरेषेजवळ रेंगाळतात, नव्याचे पहिले तिच्यापासून दूर निघतात. कित्येक महिने मी गच्चीवर दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडून जवळजवळ कोरी वर्तुळे काढत होते. आज नवा फेरा सुरू झाला. तीन फेरे मी पुरते पाहिले. या चौथ्याचा भर मला दिसेल अशी हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून हे आजच उरकते.

कलम एक. राहते घर, म्हणजे वरचा मजला, आणि बँकेतली शिल्लक भाचीला. गच्चीचे कुलूप तिने बदलू नये.

कलम दोन. दुकान, काचा घासायच्या यंत्रासह, काउंटरवर इतकी वर्षे माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या मदतनीस बाईंना. ‘ही फ्रेम तुम्हालाच शोभते’ असे त्या येईल त्याला सांगतात. ती सवय सोडावी, ही विनंती आहे, अट नाही.

कलम तीन. शेजारचे गृहस्थ नेमके माझ्या चित्राच्या वेळी चादरी वाळत घालून सूर्य अडवतात. त्यांना माझी नायलॉनची दोरी. ती त्यांनी गच्चीच्या पलीकडच्या टोकाला बांधावी.

कलम चार. आकाशप्रेमी मंडळाचे माजी चिटणीस मला भर सभेत म्हणाले होते, “बाई, रोज नुसता गोल काढून काय मिळतं हो?” त्यांना माझ्या हातचे एक कोरे वर्तुळ, उत्तम फ्रेम करून. त्या दिवशी सूर्यावर खरोखरच काही नव्हते, आणि ते बघायलाही कोणाला तरी उन्हात बसावे लागते.

कलम पाच. दुर्बीण, पुठ्ठा आणि सगळी चित्रे माझ्या धाकट्या बहिणीला. ती खालच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते आणि माझ्याशी बोलत नाही.

दुर्बीण आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. मागच्या फेऱ्याच्या ऐन भरात बिनसले. डाग पुंजक्यांनी मोजतात, आणि एक पुंजका वाढला की त्या दिवसाचा आकडा दहाने वाढतो. मला एक पुंजका दिसला. ती म्हणाली, “ताई, दोन आहेत. मधली फट दिसत नाही तुला? कापड बघण्यात जन्म गेला माझा.” मी म्हणाले, “फट तुझ्या डोक्यात आहे.” त्यावर ती म्हणाली, “जगाला चष्मे विकतेस, एखादा स्वतःला लाव!” आणि तरातरा जिना उतरून गेली. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली की दोघी भिंतीकडे बघतो. तो पुंजका एकच होता, हे मी आजही म्हणते. पण एका पुंजक्यापायी सख्ख्या बहिणीशी अबोला धरील असे दुसरे माणूस माझ्या पाहण्यात नाही. दुर्बीण अशाच माणसाला द्यावी.

अडचण एकच आहे. प्रत्येक डोळा वेगळे मोजतो. मोजणारा बदलायचा तर जुन्या आणि नव्या डोळ्याने काही काळ शेजारी बसून तोच सूर्य मोजावा लागतो, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळवता येतो. नाहीतर माझी एवढ्या वर्षांची आकड्यांची ओळ माझ्याबरोबरच तुटेल, आणि ती तुटू नये अशी माझी फार इच्छा आहे. वकीलसाहेब म्हणाले, “बाई, मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होतं.” मी म्हणाले, “मेल्यावर लागू होऊन ते काय चाटायचंय?”

सबब, हे कलम मी जिवंत असताना, आजपासून लागू. ती येईल तर दोघींनी रोज सकाळी एकच सूर्य पाहावा, आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि कोणी कोणाचा खोडू नये.

पुरवणी. एवढे लिहून झाल्यावर, वकीलसाहेबांबरोबर साक्षीला गच्चीवर आलेले डॉक्टर खाली जाऊन कलम पाच वाचून दाखवून आले. त्यांच्या मागोमाग जिन्यात पावले वाजली. बोटात अंगुस्तान तसेच, गळ्यात मापाची टेप. माझ्याकडे न बघता ती पुठ्ठ्यावर वाकली. मी पेन्सिल उचलली.

“दोन,” ती म्हणाली.

“एक,” मी म्हणाले.

“लिही मग दोन्ही. आणि ताई, सरक जरा. सगळं ऊन अडवून बसलीस.”

मी सरकले. इतका आनंद मला उभ्या तीन फेऱ्यांत झाला नव्हता.

दुरुस्ती. कलम पाचमधील ‘ती येईल तर’ हे शब्द माझ्या हाताने खोडले आहेत. ती आली आहे.

ही खाडाखोड आणि माझी सही आमच्यासमक्ष झाली:

साक्षीदार, डॉक्टर (डाग एक दिसला)
साक्षीदार, वकील (डाग दिसला नाही, बाई दिसतो म्हणतात)

स्थळ: गच्ची, दुर्बिणीजवळ
दिनांक: नव्या फेऱ्याचा पहिला दिवस

सही: ताई