निम्म्या जोराचे दिवस

॥ श्री ॥

दोंडाईचा,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८६०

ती. मंजुळाअक्कास,

सुपडूचे साष्टांग दंडवत. आम्ही इकडे सुखरूप आहोत, पहूरची खुशाली कळव. दाजींचा खोकला थांबला का? मिरची लाल व्हायला लागली आहे, पहिला तोडा झाला की तुझ्या वाटची पाठवतो.

आता खरी बातमी. आपल्या मळ्यात इंजिन आलं! स्टेशनावरून मळ्यापर्यंत आणायला चार बैल लागले, आणि मागून निम्मा गाव. तू म्हणशील, सुपड्या फुशारकी मारतोय. मारतोच आहे. फायनलपर्यंत शिकून जन्मभर मोटेमागे चाललो, एवढी मारू दे.

धुळ्याहून मिस्त्री आला होता. त्याने सगळं हाताने करून दाखवलं. याला दोन तेलं लागतात, एक पिण्याचं आणि एक अंगाला लावायचं. पिण्याचं ते काळसर क्रूड तेल, गाळून ओतावं लागतं, कचरा गेला तर याचा घसा धरतो. गाळायला फडकं कुणाकडेच नव्हतं. मग आपल्या धाकट्या अभिमनने डोक्याचा रुमाल सोडून दिला. कोरा करकरीत रुमाल, आता तो काही पुन्हा डोक्यावर चढायचा नाही. त्यानंतर बत्तीची ज्योत इंजिनाच्या डोक्यावर धरायची, ते लालभडक होईस्तोवर. मग मोठ्या चाकाला झटका द्यायचा. मी तीनदा दिला. ते नुसतं शिंकलं आणि उलटं फिरून माझा खांदा उखडायला निघालं. अभिमन म्हणाला, “सरक भाऊ, तुनं काम नई.” त्याने बैलाचं शिंग धरावं तसं चाक धरलं, आणि अक्का, जो काही धडधडाट सुरू झाला! तुझी भावजय झुंबर हळदीकुंकवाचं ताट टाकून गोठ्यात पळाली. “अवं माय, हाई भूत शे!” अजून ती त्याला भूतच म्हणते, पण रोज कुंकू लावते.

मिस्त्रीने एक बजावलं आहे. पहिले पंधरा दिवस निम्म्या जोरावरच चालवायचं. नव्या गोऱ्ह्याला आपण एकदम नांगराला जुंपत नाही, तसंच हे. आतले भाग घासून एकमेकांना बसले पाहिजेत. निम्म्या जोरावरही पाणी मोटेपेक्षा जास्तच येतं, माझ्या मिरचीला पुरून उरतं.

विहिरीची पाळी बाबांनी लावून दिली तशीच आहे, एक दिवस माझा, एक दिवस अभिमनचा. माझ्या दिवशी इंजिन आणि त्याच्या दिवशी त्याची मोट. पण चाक फिरवायला तो माझ्या पाळीलाही सकाळीच येतो. मग त्याची बायको बेबाबाई भाकरी घेऊन येते आणि आम्ही चौघं मोटेचं पाणी पडतं त्या थाळ्याजवळ बसून जेवतो. वाटण्या झाल्यापासून असं जेवलो नव्हतो.

तुझा
सुपडू

॥ श्री ॥

दोंडाईचा,
पौष वद्य सप्तमी

ती. अक्कास,

सा. दं. वि. वि. तुझं पत्र आलं. दाजींना आडुळसा मानवला हे वाचून बरं वाटलं.

पंधरा दिवस संपले आणि मी इंजिन पुऱ्या जोरावर सोडलं. तू बघायला हवी होतीस. पाणी पाटात मावत नाही. वरचं पडीक रान मी यंदा गव्हाखाली आणलं, कधी कुणाच्या स्वप्नात नव्हतं की तिथे पाणी चढेल. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येतात. मी बांधावर उभा असतो, म्हणजे उभं राहावंच लागतं.

अभिमनचं विचारलंस. ठीक आहे. कामात असतो. चाक फिरवायला आता मी झुलाल नावाचा गडी ठेवला आहे, दरवेळी भावाला कशाला त्रास? त्याची मिरची जरा मागे पडली. यंदा सगळीकडेच मिरचीवर रोग आहे.

बेबाबाईने तुला काही निरोप धाडला असेल तर मनावर घेऊ नकोस. विहीर माझ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाली जाते, हे खरं. पण रात्रीतून झरे भरतात. पुरेसे भरतात असं मी म्हणतो, अभिमन नाही म्हणतो. पंच बसले होते, किरकोळ गोष्ट. त्यांनी बाबांचा शब्द कायम ठेवला. माझा दिवस तो माझा, त्याचा तो त्याचा. मी त्याच्या दिवसाला बोटही लावत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं.

गहू निसवून दाणे भरले की भाजून खायला ये. यायचं असेल तर आधी कळव, गाडी पाठवतो.

तुझा
सुपडू

॥ श्री ॥

दोंडाईचा,
फाल्गुन वद्य तृतीया

ती. मंजुळाअक्कास,

दंडवत. तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यात तू एकच ओळ लिहिलीस, “अभिमन कोठे आहे?” म्हणजे तुला कळलंच आहे. तरी माझ्याकडून ऐक.

तो साक्रीला गेला. बायको, पोरं, बैल, सगळं घेऊन सासरवाडीला. तिकडे पावसावरची शेती, मेहुण्याच्या हाताखाली राबतो.

त्याच्या मिरचीवर रोगबीग काही नव्हता. पाणी नव्हतं. माझ्या दिवशी इंजिन विहिरीचा तळ दाखवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याची मोट चिखल घेऊन वर यायची. बाबांनी पाळी लावली ती मोटेच्या काळात. एका दिवसात मोट विहिरीचं काय बिघडवणार? म्हणून त्यांनी दिवस वाटले, पाणी वाटायचं त्यांना सुचलंच नाही. हे मला पंचांपुढे ठाऊक होतं, अक्का. मी बाबांचं नाव घेतलं आणि गप्प बसलो.

पंचांच्या आधी तो एकदा माझ्याकडे आला होता, ते मी तुला लिहिलं नाही. भांडायला नव्हता आला. इंजिनाजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “भाऊ, तुनी पाळी सरनी, पन मन्हं पानीबी सरनं. पहिले पंधरा दिन चालाडं ना, तसंच चालाड. तुले पुरे, मालेबी पुरे.” एवढंच मागत होता. निम्मा जोर. ते पंधरा दिवस आम्हा दोघांचीही मिरचीची झाडं हिरवीगार होती. पण वरच्या रानात माझा गहू उगवून आला होता, त्याला पुरा जोर हवा होता. मी म्हणालो, “नवा गोऱ्हा काय जन्मभर हलकाच हाकायचा?” झुलाल हसला. अभिमन उठून गेला.

झुंबर तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. इंजिनाला कुंकू लावणंही तिने सोडलं. गहू चांगला आला आहे, पण दाणे भाजायला कुणाचा हात पुढे होत नाही.

तो गेल्यावर मी इंजिन निम्म्या जोरावर आणलं. त्याच्या पाळीच्या दिवशी तर हातच लावत नाही. विहीर काठोकाठ भरते आणि तशीच राहते. त्याच्या वाफ्यांत मिरचीची वाळकी खोडं उभी आहेत. एक दिवस मी तिकडे पाणी सोडलं. काय उपयोग, ती मेलेली होती. वेड्यासारखा वाफे भरत बसलो.

मग परवा साक्रीला गेलो. सर्व्हिस मोटारीत सगळं मनात घोकून ठेवलं होतं. गव्हाचं रान सोडतो, पाळी मोडू, इंजिन दोघांचं करू, चल घरी. आणि चुकलो, हेही म्हणायचं असं ठरवलं होतं. आपल्या घरात हा शब्द कुणी कुणाला म्हटलेला मी ऐकलेला नाही, म्हणून रस्ताभर पुटपुटत होतो. शेजारच्या माणसाला वाटलं, मी जप करतोय.

अभिमन अंगणात बैलांच्या जुवाला शिवळेची खुंटी बसवत होता. वाळला आहे. मला बघून त्याने काम बाजूला ठेवलं, उठला, हात पुसले. वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी तिथेच त्याचे पाय धरले असते, थोरला असून. त्याने बाज ओढली, तिच्यावर घोंगडी अंथरली आणि म्हणाला, “बसा.”

अक्का, जन्मात त्याने मला भाऊ सोडून दुसरी हाक मारली नाही. अहोजाहो तर कधीच केलं नाही.

मग घराकडे तोंड करून त्याने बेबाबाईला सांगितलं, “अवं, पाहुनासले पानी आन.”

तिने तांब्या आणला. पदर पुढे ओढून, परक्या माणसाला द्यावा तसा खाली ठेवला. पाणी थंड होतं. लांबून आणलेलं असणार, गल्लीच्या टोकाला बाया घागरी घेऊन ओळीने बसलेल्या मी येताना पाहिल्या होत्या. मी तांब्या उचलला. घोकलेलं सगळं भावाला सांगायचं होतं. तो समोर उभा राहून बघत होता, पाहुणा तहानलेला जाऊ नये म्हणून.

मी ते पाणी प्यालो, आणि निघालो.

सुपडू