दोन खोल्यांचं लोन

४ सप्टेंबर
मालक तात्या सकाळीच आले. खोल्या विकायच्यात म्हणले. "बारा वर्षं भाडं दिलं तुमी, म्हणून आधी तुमाला इचारतो, वहिनी. दसऱ्यापर्यंत थांबतो." न्हाईतर चौसाळ्याचा एक दुकानदार तयार हाय. तो पाडून गाळे काढणार. सुरेखा लगेच म्हणली, आये, आपणच घिऊ, लोन काढते. घ्यायच्याच. पोरीला नवऱ्याचं घर न्हाई, भाऊ न्हाई. मी गेल्यावर जाईल कुठं.

८ सप्टें.
बँक. दोन तास बसवलं. साहेब पोरसवदा. पगाराचा कागद बघून म्हणतो, "आजी, ताईंच्या नोकरीला तीनच महिने झालेत." डोस्कं फिरलं. नऊ वर्षं वसतिगृहात भाकरी थापतीय ती. ठेकेदार दर जूनला कंपनीचं नाव बदलतो, म्हणून कागदावर दरसाल नवी. म्हणलं, चुलीला इचार, तीच चूल हाय.
"चुलीची सही चालत नाही, आजी." वर हसतो.

११ सप्टें.
ठेकेदाराकडं, नऊ वर्षं कामाला हाय असं पत्र मागाय. "मावशी, सुरेखाला लिहून दिलं की उद्या बाकीच्या बारा जणी दारात उभ्या." म्हणलं, राहू दे की उभ्या, राबवलंस ना तू त्यान्ला. दिलं न्हाईच. वसतिगृहाच्या रेक्टर बाईनं मात्र शिक्का मारून दिलं, हजेरीच्या झेरॉक्ससगट. बाई माणूस हाय.

१५ सप्टें.
परत बँक. पत्र चाललं. आता म्हणे सिबिल. म्हंजे उधारी नीट फेडली का न्हाई, त्याचे मार्क. सुरेखाचे लई कमी. कम्प्युटर फिरवून दाखवलं. तिच्या नावावर घेतलेली वॉशिंग मशीन, सहा हप्ते थकले.
सुरेखा माझ्याकडं बघाय लागली.
हप्ते भरायचं माझ्याकडं होतं. मशीन पाचव्या महिन्यात बंद पडली, दुरुस्तीला कुणी फिरकलं न्हाई, मी भरणं थांबवलं. बंद मशीनचे पैसे कावून द्यायचे? फोन आले, शिव्या घातल्या. हिला सांगितलं न्हाई. हिला वाटलं फिटलं. मशीनीत आता गोधड्या हायेत.
रिक्षात माझ्याकडं पाठ करून बसली.

१८ सप्टें.
मशीनच्या फायनान्सच्या हापिसात एकटीच गेलते. घासाघीस केली. तिथली बाई म्हणली, बरं, निम्म्यात सेटल करू. निम्मे दिले, पावती घेतली. मी काय येडी हाय का पुरे द्यायला. सुरेखाला पावती दाखवली. आज तीन दिसांनी तिनं माझ्यासाठी चहा टाकला.

२२ सप्टें.
बँकेतल्या साहेबानं पावती बघून कपाळाला हात लावला. "अहो आजी, सेटल म्हणजे पूर्ण फेडलं नाही, असा शेरा पडतो. हे अजून वाईट. पुरे का नाही भरले?"
बाजारात भाव पाडला तर शहाणी, हितं गुन्हेगार.
बाहेर आल्यावर सुरेखा: "एकदा तरी मला इचारावं वाटत न्हाई का गं तुला?"


२४ सप्टें.
राहिलेले निम्मे घेऊन फायनान्सकडं गेले. घेईनात! "फाइल बंद झाली, वरून परवानगी लागते." टेबलावर ठेवले, त्या बाईनं परत सरकवले. ठेवले, सरकवले. घेत न्हाईत तर थकले म्हणून बोंबलता कावून? शेवटी अर्ज दिला. उत्तर कधी? सांगता येत न्हाई म्हणे.

२९ सप्टें.
चौसाळ्याचा आला टेप घेऊन. संगं तात्या. दसऱ्याला अजून तीन दिस हायेत, म्हणलं. "नुसतं माप घ्यायला काय होतंय, वहिनी?" त्यो मोरीपासून सुरूच झाला. माझे हंडे पायानं सरकवले. दोघांना भायेर घातलं, आतून कडी लावली. हे आतूनच लिहितीय.
तास झाला. तात्या खिडकीतून विनवण्या करतोय. बस कर बाबा.
आता सुरेखा आली कामावरून. भायेर तात्याशी काहीतरी बोलली, लई हळू, ऐकू आलं न्हाई. मग दारावर थाप. "आये, उघड."
टेपवाला गेला का, इचारलं.
"हितंच हाय त्यो. माप घेऊ दे, आये. लोन व्हायचं न्हाई आता."