भिंतीच्या शहराची प्रुफं

सोमवार, ३ मार्च

सोळा वर्षांची मुलगी राज्य उलथवते आणि तिच्या तोंडचं एकही वाक्य पूर्णविरामाने संपत नाही! जिथे तिथे तीन टिंबं. दुपारभर टिंबंच वेचत होते.

कादंबरी किशोरांसाठी. पुढच्या काळातलं शहर, भोवती भिंत. सोळावं लागलं की प्रत्येकाला कार्ड मिळतं – मुलग्यांना ‘रस्ता’, मुलींना ‘घर’. ‘घर’ मिळालेलीने पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. नायिका कार्ड फाडते आणि भिंतीवरून उडी मारते. लिहिणारी स्वतः एकोणीस वर्षांची. मालक म्हणाले, “बाई, नवी पोर आहे, जरा सांभाळून तपासा.” अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासतेय. सांभाळून कसं तपासतात, मला ठाऊक नाही.

बुधवार, ५ मार्च

शुद्धलेखन भयंकर. पण पोरगी लिहिते झकास! वाचता वाचता माझा बसथांबा मागे गेला. दोन थांबे पायपीट.

शुक्रवार, ७ मार्च

लेखिका छापखान्यात आली. कुरतडलेली नखं, खांद्याला गोणीएवढी पिशवी. अकराव्या प्रकरणाच्या समासात मी शंका काढली होती – ‘तळावर ऐंशी बंडखोर. यांचा स्वयंपाक कोण करतं?’ समासातल्या शंकेला लेखकाने उत्तर दिल्याशिवाय आमच्याकडे पान छपाईला जात नाही.

ती हसली. “बाई, क्रांती चाललीय! जेवणाचं कोण बघतंय?”

“ऐंशी माणसं बघतात. दिवसातून दोनदा.”

तिने पानं उलटली. सापडलं. ‘मुली पातेली घासत होत्या. मुलगे नकाशावर वाकले होते.’ तिचंच वाक्य! कान लालबुंद. “अय्या, हे मी कधी लिहिलं?”

“तू नाही, हाताने लिहिलं. त्याला सवय असते. घरी जा आणि प्रकरण पुन्हा लिही.”

संध्याकाळ फार समाधानात गेली.

रविवार, ९ मार्च

ह्यांना गोष्ट सांगितली. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “कार्ड? सोय छान आहे की! वाद नको, कटकट नको. चहा टाकतेस?” टाकला.

मंगळवार, ११ मार्च

अकरावं प्रकरण नव्याने आलं. आता गालावर व्रण असलेला बंडखोरांचा पुढारी पातेली घासतो – आणि तळाला करपलेलं तसंच ठेवतो! एकटीच खो खो हसले.

मालक मात्र हसले नाहीत. शेवट त्यांना पसंत नाही. नायिका आपल्या वर्गमैत्रिणींसाठी एकटीच शहरात परत जाते, आतून फाटक उघडते – पुस्तक संपलं. मालक म्हणाले, “एकटीच? मग तो पुढारी काय शोभेला आणला? लग्न लावून टाक दोघांचं. वाचनालयवाले गोड शेवट मागतात.”

पोरगी “नाही” म्हणाली.

“मग घेऊन जा तुझं बाड.”

दोन प्रकाशकांकडून आधीच परत आलंय ते. रडली नाही. जिन्यावर बसून राहिली, पाऊण तास. मी दोनदा उगाचच खालीवर केलं.

बुधवार, १२ मार्च

मालकांनी मला आत बोलावून दार लोटलं. “बाई, तुमचं ऐकते ती. तीन पानांचा शेवट तुम्हीच लिहून द्या. लग्न, घर, छानशी संध्याकाळ. तिने होकाराची सही केली की सोमवारी छपाईला. निदान पुस्तक तरी निघेल तिचं!”

माझं काम दुरुस्तीचं, लिहिण्याचं नव्हे, असं ठणकावलं. पण जिन्यावरची पोर डोळ्यांसमोरून हलेना. बसले लिहायला.

लग्न झालेली नायिका दारात उभी. त्याची पावलं ती वळणावरूनच ओळखते. तो विचारतो, दमलीस? ती म्हणते, छे! सगळ्यांची पानं वाढते, आपलं शेवटी. भिंतीपलीकडे काय होतं ते तिला आता आठवतही नाही, आणि मन कसं भरून आलेलं.

चाळीस मिनिटं. एक खाडाखोड नाही! दुसऱ्यांची ओळ न् ओळ लाल करणारी मी – दोनदा तपासलं, चूक सापडली नाही. बरं वाटायला हवं होतं.

गुरुवार, १३ मार्च

पोरीला पानं दिली. उभ्याउभ्याच वाचली.

“तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“बाई, कुठून आणलंत हे?”

“सुचलं.”

पानं पिशवीत कोंबून चालती झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला उत्तरं तरी देता आली असती.

सोमवार, १७ मार्च

प्रुफं आली, सहीसकट. मालकांनी भराभर चाळून लग्न शोधलं, सापडलं, खूश झाले. कुठल्या पानावर सापडलं ते पाहिलंच नाही.

शेवट तिचाच आहे. माझी तीन पानं पहिलं प्रकरण झालीत. शब्दही बदललेला नाही. वर फक्त एक ओळ घातलीय – ‘कार्ड हातात ठेवण्याआधी मुलींकडून हा धडा म्हणवून घेत.’

सकाळी तपासायला घेतलं. संध्याकाळ झाली. दुसऱ्या पानावरच आहे मी.