मागचं डावं चाक

प्रिय संयोगिता,

फोनवर बोलायला गेलो की मी आईच्या गुडघ्यावर आणि पलूसच्या उन्हावरच घसरतो, म्हणून कागद घेतला. आईचा गुडघा बरा आहे. दुकानात चाकांच्या अलाइनमेंटला गर्दी आहे.

कुंडलच्या रस्त्यावर मी तुला गाडी शिकवली. तिसऱ्याच दिवशी उसाच्या ट्रॉलीच्या बाजूनं तू अशी सफाईनं निघालीस की मी गावभर सांगत सुटलो होतो.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा तुमची गाडी मी विट्याला नेली होती. येताना वेगात होतो. पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात मागचं डावं चाक धाडकन आदळलं. वरून ओरखडासुद्धा नाही, म्हणून गप्प बसलो. चार महिन्यांत त्या टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजली आणि राजवर्धनरावांनी गाडी माझ्याच दुकानात आणली. मशीनवर त्या चाकाचा कॅम्बर लाल आला. म्हणजे चाकाचा माथा आत कललेला. पुढची चाकं आम्ही पान्यानं सरळ करतो, पण तुमच्या गाडीत मागची दोन्ही एकाच दांड्यावर. तो वाकला की बदलायचा, आणि आदळल्याशिवाय तो वाकत नाही. मी आमचं नेहमीचं वाक्य टाकलं, "मागचं काय सेट हुत न्हाई." खोटं नव्हतं ते. दांडा आदळून वाकलाय, हे पुढचं अर्धं गिळलं. "मग टायर कशानं खाल्लं?" त्यांनी विचारलं. तू शेजारीच होतीस. मी म्हणालो, "चालवायची सवय आसती एकेकाची."

पोरी, कसंही चालवलं तरी एकट्या मागच्या चाकाची आतली कड अशी जात नाही. पंचवीस वर्षं हाच धंदा करतोय मी.

त्या दिवशी किल्ली तुझ्या सासूबाईंच्या कपाटात गेली. ज्या शाळेवर शिकवायला तू रोज गाडीनं जायचीस, तिथं आता साताऱ्याहून दोन एसट्या बदलून जातेस, हेही मला माहीत होतं. जावयापुढं आपली पत राखली आणि लेकीची घालवली. फार लाज वाटते गं.

परवा भावकीतल्या लग्नात तुझ्या चुलतबहिणीनं, मायानं, तुला गाडी काढायला सांगितली, तर तू हसत म्हणालीस, "नगं बाई, मला न्हाई जमत. अण्णाच म्हणालेत." लोक काहीही म्हणोत, तू स्वतःच ते खरं मानलंस. म्हणून लिहितोय. रविवारी नवा दांडा घेऊन साताऱ्याला येतोय. सासूबाई, राजवर्धनराव, सगळ्यांना बसवून सगळं सांगणार आहे. तेव्हा माझी कीव येऊन मध्येच "जाऊ द्या अण्णा" म्हणू नकोस.

तुझाच,
अण्णा